धर्मशाळेंतील शिदोरी

गेल्या जून महिन्यांत माझ्या एका जुन्या स्नेह्यांच्या कन्येस फिनलंडमधील एका विद्यापीठांत सहा महिने राहून अध्ययन करण्याची संधि मिळाली. मुलगी पुण्यास अर्थशास्त्र शिकते. दोन विद्यापीठांनीं परस्परांचे विद्यार्थी एखाद्या सत्रापुरते ठेवून घ्यावे, आणि तेथील अभ्यास येथें मोजला जावा, असा करार हल्लीं पुष्कळ ठिकाणीं होऊं लागला आहे. त्याअन्वयें ती जाणार होती. घरांत आनंद होता, आणि आनंदाच्या पाठोपाठ येणारी काळजीहि होती. स्नेही मजकडे आले व जाण्यापूर्वीं मुलीनें काय वाचावें तें सांगा, असें म्हणाले. पुस्तकांची यादी देण्याऐवजीं मीं त्यांस एक फ्रेंच चित्रपट सर्वांनीं मिळून पाहण्यास सुचविलें. आठ दिवसांनीं ते पुनः आले ते जरा घुश्शांतच. “अहो प्रोफेसर, मुलीला शिकायला पाठवितों आहों, आणि तुम्हीं दाखविलेंत काय? वर्षभरांत त्या पोरांपैकीं एकाच्या हातांत पुस्तक दिसेल तर शपथ!”

आक्षेप अगदींच खोटा नव्हता, आणि तेथल्या तेथें मला त्यास नीट उत्तरहि देतां आलें नाहीं. तें देण्याचा हा प्रयत्न आहे. परदेशीं कांहीं महिने शिकावयास गेलेल्या विद्यार्थ्याच्या पदरांत नक्की काय पडतें, हा प्रश्न आज आपल्या अनेक घरांतून विचारला जातो. आणि त्या प्रश्नाचा ऊहापोह करण्यास या चित्रपटाइतकें सोयीचें साधन मला तरी दुसरें माहीत नाहीं.

सेद्रिक क्लापिश या दिग्दर्शकाचा ‘लोबर्ज एस्पान्योल’ हा चित्रपट २००२ सालीं प्रसिद्ध झाला. त्याचा नायक झाव्हिए हा पॅरिसमध्यें अर्थशास्त्र शिकणारा पंचवीस वर्षांचा तरुण. वडिलांच्या ओळखीचे एक गृहस्थ अर्थखात्यांत आहेत. स्पॅनिश भाषा व स्पेनचा बाजार जाणणाऱ्यास नोकरीची आशा आहे, असें ते सुचवितात, आणि मुलगा ‘एरास्मस’ योजनेखालीं वर्षभरासाठीं बार्सिलोनास निघतो. विमानतळावर आईचा व प्रेयसीचा निरोप घेतल्यावर त्यास रडूं कोसळतें. बार्सिलोनांत पहिले कांहीं दिवस तो एका फ्रेंच डॉक्टर दांपत्याच्या घरीं काढतो, जागेसाठीं वणवण करतो, आणि अखेर एका जुनाट, प्रशस्त बिऱ्हाडांत त्यास खोली मिळते. तेथें इंग्लंडची वेंडी, जर्मनीचा टोबियास, इटलीचा अलेस्सांद्रो, डेन्मार्कचा लार्स व स्पेनची सोलेदाद अशीं पांच मुलें आधींच राहात असतात. बेल्जियमची इझाबेल मागाहून येते. भाडें वांटून घेणें, दूरध्वनीवरचे निरोप घेणें, भांडणें, समजुती, प्रेमप्रकरणें यांत वर्ष निघून जातें. परतल्यावर नायकास ती ठरलेली नोकरी मिळते. पण पहिल्याच दिवशीं तो कचेरींतून पळ काढतो आणि लहानपणापासून मनांत असलेलें लेखनाचें काम हातीं घेतो. कथानक म्हणावें तर एवढेंच.

चित्रपटाच्या नांवांत मात्र कथानकापेक्षां अधिक अर्थ आहे. शब्दशः त्याचा अर्थ ‘स्पॅनिश धर्मशाळा’. जुन्या काळीं स्पेनमधील वाटेवरच्या मुक्कामांत डोक्यावर छप्पर मिळे, पण जेवण मिळत नसे. प्रवाशानें आपली शिदोरी आपण आणावयाची अशी त्यांची ख्याति होती. त्यावरून, जेथें ज्यानें त्यानें आणलेलेंच ज्याला त्याला मिळतें अशा कोणत्याहि स्थळास फ्रेंच भाषेंत हा वाक्प्रचार लावितात. आपल्याकडील धर्मशाळा ज्यांनीं पाहिल्या आहेत त्यांस याचें मर्म समजाविण्याची गरज नाहीं. विहीर सामायिक, ओसरी सामायिक, चुली मात्र वेगळ्या! परदेशीं शिक्षणास गेलेल्या विद्यार्थ्यांच्या जीवनास याहून समर्पक रूपक सांपडणें कठीण आहे. प्रश्न एवढाच, कीं दिग्दर्शकानें आपल्या रूपकाचा अर्थ शेवटपर्यंत पाळला आहे काय?

त्याकडे वळण्यापूर्वीं ज्या योजनेवर ही कथा उभी आहे तिची थोडी माहिती हवी. ‘एरास्मस’ ही योजना युरोपीय समूहानें जून १९८७ मध्यें मंजूर केली. पहिल्या वर्षीं ११ देशांतील ३,२४४ विद्यार्थी तिच्याखालीं परदेशीं गेले. तेव्हांपासून आजवर लाभ घेणारांची संख्या, शिक्षक व उमेदवार कामगार धरून, दीड कोटीच्या वर गेली आहे. २००४ पासून ‘एरास्मस मुंडुस’ या शाखेमुळें युरोपाबाहेरील, अर्थात् भारतीय, विद्यार्थ्यांनाहि तें दार उघडें झालें. या योजनेचा पाठपुरावा वर्षानुवर्षें ज्यांनीं केला त्या सोफिया कोर्राडी या इटालियन विदुषींची हकीकत मोठी बोलकी आहे. अमेरिकेंतील कोलंबिया विद्यापीठांत कायद्याचा अभ्यास करून त्या १९५८ मध्यें रोमला परतल्या, तेव्हां तो अभ्यास मोजण्यास त्यांच्या विद्यापीठानें साफ नकार दिला. परदेशांत शिकणें म्हणजे चैन, अभ्यास नव्हे, ही त्या नकारामागची वृत्ति. माझ्या स्नेह्यांचा घुस्सा आणि त्या अधिकाऱ्यांचा नकार हीं एकाच कुळांतलीं म्हणावयाचीं! त्या एका अपमानांतून पुढें जी योजना उभी राहिली, तिनें तेथें केलेला अभ्यास येथें मोजला जाईल एवढें एक निश्चित केलें. आतां, तेथें काय शिकला, हें मात्र कोणत्याहि करारानें ठरवितां येत नाहीं. जेथें करार संपतो तेथें चित्रपट सुरू होतो, हें त्याचें पहिलें श्रेय.

दुसरें श्रेय त्याच्या निरीक्षणाचें. परक्या शहरांत नव्यानें आलेल्या माणसाची मनःस्थिति क्लापिशनें फार सूक्ष्मपणें टिपली आहे. नायक रस्त्यांच्या नांवांविषयीं जें मनाशीं बोलतो तो भाग चित्रपटांतील उत्कृष्ट भाग होय. आरंभीं तीं नांवें म्हणजे नुसता ओबडधोबड नाद. त्यांना चेहरा नाहीं, आठवण नाहीं. कांहीं महिन्यांनीं त्याच नांवांच्या पाठीमागें एकेक दुकान, एकेक जिना, एकेक ओशाळवाणा प्रसंग उभा राहतो, आणि तीं आपल्या गांवच्या आळ्यांच्या नांवांशेजारीं जाऊन बसतात. नारायण पेठ आणि नागझरी हे शब्द पुण्यास नव्यानें आलेल्या विद्यार्थ्यास कसे ऐकूं येत असतील याचा विचार पुण्यांत जन्मलेल्या आम्हांपैकीं कितीजणांनीं केला असेल? दूरध्वनीशेजारीं भिंतीवर चिकटविलेला तो कागदहि असाच ध्यानांत राहतो. कोणाच्या आईचा निरोप आल्यास कोणत्या भाषेंत काय सांगावयाचें तें त्यावर लिहून ठेवलेलें असतें. आणि विद्यापीठास फ्रेंच लोक जो एक आखूड शब्द वापरतात तो इंग्रज मुलीच्या कानास भलताच कसा लागतो, याचा विनोद तर कोणाहि घरंदाज प्रेक्षकास हंसूं आणील असा आहे. वेंडीचा भाऊ विल्यम पाहुणा म्हणून येतो आणि जर्मन मुलापुढें जर्मनांची टवाळी करतो, त्या वेळीं खोलींत जी अवघड शांतता पसरते तींत युरोपचा अर्धा इतिहास आहे. एकत्र राहिल्यानें पूर्वग्रह आपोआप वितळतात, अशी भाबडी समजूत दिग्दर्शकाची नाहीं. ते वितळण्यापूर्वीं दुखतात, हें तो जाणतो.

माझ्या स्नेह्यांचें समाधान एवढ्यानें होणार नाहीं, आणि खरें सांगावयाचें तर माझेंहि होत नाहीं. दोष कोठें आहे तें पाहूं. पुस्तकें दिसत नाहींत हा दोष क्षम्य आहे. माणूस वाचीत बसलेला दाखविणें ही चित्रपटकलेची आवड नव्हे. त्याहून मोठी गोष्ट अशी, कीं हा नायक स्पॅनिश शिकण्यास म्हणून बार्सिलोनास येतो, आणि त्याच्या अंतःकरणाचा सारा व्यवहार मात्र फ्रेंच भाषेंतच चालतो. ज्या विवाहित स्त्रीच्या मोहांत तो गुंततो ती फ्रेंच. जिच्यापाशीं तो मन मोकळें करतो ती इझाबेल बेल्जियमची, पण फ्रेंच बोलणारी. ज्याच्या घरीं तो उतरतो तो डॉक्टर फ्रेंच. बिऱ्हाडांतील इतरांशीं बोलणें इंग्रजी-स्पॅनिशच्या खिचडींतून. यजमान शहराचा जो कोणी प्रतिनिधि म्हणावा, तो भाड्यासाठीं येणारा घरमालक, किंवा मद्यगृहांतील एखादा मित्र. बार्सिलोनांत वर्षभर राहून बार्सिलोनाच्या एकाहि घराच्या ताटावर हा मुलगा बसलेला आपल्याला दिसत नाहीं. स्त्रीपात्रांचीहि तीच कथा. त्यांतील दोघीतिघी या नायकाच्या शिक्षणांतले धडे होऊन येतात आणि धडा संपला कीं बाजूस होतात. त्या डॉक्टरच्या पत्नीचें पुढें काय झालें, हा प्रश्न नायकास फारसा सतावीत नाहीं, आणि दिग्दर्शकासहि नाहीं.

थोडक्यांत, हीं मुलें स्पेनमध्यें राहात नाहींत, आणि आपापल्या देशांतहि राहात नाहींत. त्यांनीं एक तिसराच देश वसविला आहे. त्या देशाचे नागरिक म्हणजे परस्परांचे पाहुणे. त्याची भाषा म्हणजे जी सर्वांना थोडीथोडी येते ती. परदेशीं गेलेल्या विद्यार्थ्यांचीं बरींचशीं वृत्तांतकथनें ऐकून माझी अशी खात्री झाली आहे, कीं चित्रपटानें रंगविलेलें हें चित्र तंतोतंत खरें आहे. आपले विद्यार्थी जर्मनींत वा हॉलंडांत जातात, आणि जिवलग मित्र मिळवून येतात ते इराणचे, ब्राझीलचे, केरळचे; जर्मन वा डच मनुष्य मात्र शेजारीं राहूनहि दूरचाच राहतो. याचा सर्व दोष पाहुण्यांकडे आहे असेंहि नाहीं. सहा महिन्यांनीं जाणाऱ्या माणसाशीं ओळख वाढविण्याचे श्रम शेजाऱ्यानें कां घ्यावे? तिसऱ्या देशांतली ही मैत्री खोटी नव्हे. पुष्कळदां ती जन्मभर टिकते. आक्षेप तिच्यावर नाहीं. चित्रपट शेवटीं त्या तिसऱ्या देशालाच ‘युरोप’ म्हणून गौरवितो, आणि आपण फ्रेंचहि आहों, स्पॅनिशहि आहों, इंग्रज व डॅनिशहि आहों, अशा भावनेनें नायक मित्रांचीं छायाचित्रें पाहात बसतो, तेथें माझी शंका उभी राहते. स्पॅनिश तो कोणत्या वाटेनें झाला?

गंमत अशी, कीं या शंकेचें उत्तर खुद्द चित्रपटांतच, मध्यावर, एका प्रसंगांत दडलेलें आहे. विद्यापीठांत अर्थशास्त्राचा वर्ग चालू आहे. अध्यापक कॅटलान भाषेंत व्याख्यान देत आहेत. स्पॅनिश शिकून आलेल्या परदेशी विद्यार्थ्यांना तें समजत नाहीं. इझाबेल हात वर करून विनविते, कीं आम्ही इतकेजण बाहेरचे आहों, तर कृपा करून स्पॅनिशमध्यें सांगावें. अध्यापक नकार देतात. हा कॅटलोनिया आहे, येथील भाषा ही; स्पॅनिश हवी असेल तर माद्रिदला किंवा दक्षिण अमेरिकेस जावें, अशा आशयाचें ते कांहीं बोलतात. वर्ग सुटल्यावर मुलें वाद घालतात. युरोप एक होत असतां या लहान भाषेचा हट्ट कशाला, असें इझाबेल विचारते. तेव्हां गांबिया देशाचें मूळ असलेला एक तरुण तिला शांतपणें सांगतो, कीं माणसाला एकाहून अधिक ओळखी असूं शकतात, आणि त्याची स्वतःची एक ओळख कॅटलान आहे.

बहुतेक प्रेक्षक हा प्रसंग पाहून हंसतात आणि अध्यापकास हटवादी समजतात. दिग्दर्शकाचाहि कल बहुधा तिकडेच असावा, कारण पुढें या वर्गाकडे तो फारसा फिरकत नाहीं. मला मात्र संपूर्ण चित्रपटांत विद्यार्थ्यांना खरें शिक्षण मिळतें तें या दोनतीन मिनिटांत मिळतें असें वाटतें. १९३९ पासून १९७५ पर्यंत फ्रँकोच्या राजवटींत कॅटलान भाषेला शाळांतून आणि सरकारी व्यवहारांतून हांकलून दिलेलें होतें. ज्या वर्गांत ती पुनः बोलली जात आहे तेथील अध्यापकाचा नकार हा म्हणूनच नुसत्या शिष्टपणाचा नव्हे. मुंबई विद्यापीठाच्या परीक्षांतून बाहेर काढलेल्या मराठीस पुनः आंत घेतलें जावें यासाठीं न्यायमूर्ति रानड्यांस आयुष्याच्या अखेरीपर्यंत किती खटपट करावी लागली, हें ज्यांना ठाऊक आहे, त्यांनीं तरी त्या अध्यापकास हंसूं नये. पाहुण्याच्या सोयीसाठीं जो वांकला नाहीं, त्यानेंच पाहुण्याला हें कळविलें, कीं तूं ज्या घरीं आलास त्या घराला स्वतःचें असें कांहीं आहे. आणि तो गांबियाचा तरुण! कॅटलान होण्याची वाट कोणती तें त्याच्याकडे पाहिल्यावर समजतें. तो ती भाषा शिकला, तींत जगला. झाव्हिएला छायाचित्रें पाहून जें गवसल्यासारखें वाटतें, तें या मुलानें श्रमानें मिळविलेलें आहे.

येथें मला माझी स्वतःची एक चूक सांगितली पाहिजे; नाहीं तर वरील टीका करण्याचा अधिकार मला उरणार नाहीं.

सुमारें बारा वर्षांपूर्वींची गोष्ट. मी ज्या महाविद्यालयांत इतिहास शिकवितों तेथें पदवीच्या वर्गास तो मराठींतून शिकविला जातो. वर्गांतील निम्मीअधिक मुलें तालुक्याच्या गांवांतून आलेलीं. त्या वर्षीं एका उपक्रमाखालीं एक अमेरिकन विद्यार्थिनी आमच्याकडे एका सत्रासाठीं आली आणि माझ्या वर्गांत बसूं लागली. विषय होता पेशवाईंतील गांवगाडा. पहिल्याच दिवशीं ती दारांत दिसतांच मीं व्याख्यान इंग्रजींत सुरू केलें, आणि सत्र संपेपर्यंत इंग्रजींतच चालू ठेवलें. अतिथिधर्म म्हणून तें केलें असें मी स्वतःस सांगत होतों. आपलें इंग्रजी पाहुणीला ऐकवावें ही हौस त्यांत मुळींच नव्हती, असें आज मला शपथेवर सांगवणार नाहीं. बलुतें, वतन, गांवकी, पड या शब्दांना मी इंग्रजी पर्याय देत गेलों, आणि एकेका पर्यायागणिक त्या शब्दांतला जीव जात राहिला. आदल्या महिन्यापर्यंत मागच्या बांकावरचा एक मुलगा, ज्याच्या आजोबांनीं सुतारकीचें बलुतें स्वतः मागून आणलें होतें, खळ्यावरच्या वाटपाच्या हकीकती वर्गांत रंगवून सांगत असे. तो गप्प झाला. मीं त्याची दखलहि घेतली नाहीं.

सत्राच्या शेवटीं ती मुलगी निरोप घेण्यास आली. जपून, एकेक शब्द जुळवीत ती मराठींत म्हणाली, “सर, मी इथं यायच्या आधी एक वर्ष मराठी शिकले. ‘गांव-गाडा’ची थोडी पानंही वाचली. मला वाटलं होतं, तुमच्या वर्गांत मराठी ऐकायला मिळेल.” त्रिंबक नारायण आत्रे यांच्या १९१५ सालच्या त्या पुस्तकाचें नांव तिच्या तोंडून ऐकून मला काय वाटलें तें सांगवत नाहीं. ती शिदोरी घेऊन आली होती. मीं तिला ती सोडूं दिली नाहीं. आणि तिच्यासाठीं म्हणून ज्या चाळीस मुलांचें व्याख्यान मीं हिरावून घेतलें, त्यांना तर कांहींच मिळालें नाहीं. बार्सिलोनाचा तो हटवादी अध्यापक त्या दिवशीं मला फार मोठा वाटला.

याच पुण्यांत अमेरिकेच्या मध्यपश्चिम भागांतील महाविद्यालयांच्या संघाचा एक उपक्रम पुष्कळ वर्षें चालला होता. त्यांत येणारे विद्यार्थी मराठी शिकत आणि मराठी कुटुंबांतून राहात. अशा घरांत पाहुण्याला सकाळीं पाणी किती वाजेपर्यंत येतें तें कळतें, सोंवळ्याओंवळ्याचे उरलेसुरले नियम कळतात, घरांतील म्हाताऱ्या माणसाशीं इंग्रजीवांचून बोलावें लागतें. अवघडलेपण पुष्कळ, पण ज्यास आपण ‘अनुभव’ म्हणतों तो याच अवघडलेपणाच्या पोटीं जन्मास येतो. केवळ राहण्याची व्यवस्था बदलल्यानें शिक्षणाची जात बदलते, ही गोष्ट विनिमयाच्या योजना आंखणारांनीं लक्षांत ठेवण्यासारखी आहे.

शिदोरीविषयीं बोलतांना मराठी वाचकास पंडिता रमाबाईंचें स्मरण झाल्याशिवाय राहणार नाहीं. त्या कोणत्याहि विद्यापीठीय योजनेनें गेल्या नव्हत्या, तेव्हां तुलना मर्यादितच केली पाहिजे. आनंदीबाई जोशी यांच्या पदवीदानसमारंभाच्या निमित्तानें त्या १८८६ मध्यें अमेरिकेस गेल्या आणि जवळजवळ तीन वर्षें तेथें हिंडल्या; परत आल्यावर १८८९ मध्यें ‘युनायटेड स्टेट्सची लोकस्थिति आणि प्रवासवृत्त’ हें पुस्तक त्यांनीं मराठींत लिहिलें. या पुस्तकाचें बळ कशांत आहे? स्त्रियांची स्थिति आणि लोकांचें स्वराज्य हे दोन प्रश्न त्यांनीं घरून बरोबर नेले होते, आणि जें दिसेल तें त्या प्रश्नांवर घांसून पाहिलें. म्हणून यजमान देशाची मुक्त प्रशंसा करीत असतांनाहि तेथील मूळ रहिवाशांवर आणि काळ्या लोकांवर झालेला अन्याय त्यांच्या नजरेंतून सुटला नाहीं. झाव्हिए घरून एक नोकरीची आशा घेऊन निघतो, प्रश्न घेऊन निघत नाहीं. त्याला शेवटीं स्वतःचा शोध लागतो हें खरें. तथापि स्पेनचा लागत नाहीं.

आतां न्यायाची गोष्ट म्हणून दुसरी बाजूहि मांडली पाहिजे, आणि ती मांडण्यास ज्याच्या नांवानें ही योजना चालते त्या एरास्मसचाच आधार घेतां येईल. योजनेच्या लांबलचक इंग्रजी नांवाच्या आद्याक्षरांतून हा शब्द जुळवून आणलेला आहे. पण रोख आहे तो रॉटरडॅमच्या त्या महापंडिताकडे. हा गृहस्थ अट्टल प्रवासी होता. १४९५ मध्यें तो पॅरिसला शिकावयास गेला, आणि तेथील वसतिगृहांतील नासक्या अंड्यांच्या नांवानें जन्मभर बोटें मोडीत राहिला. खानावळीविषयीं तक्रार करणाऱ्या आजच्या विद्यार्थ्यांना असा थोर पूर्वज आहे! पुढें इंग्लंड, इटली, लुव्हें, बाझेल असा त्याचा संचार झाला. आपल्या ‘संवादां’त त्यानें धर्मशाळांवरच एक संवाद लिहिला आहे. त्यांत फ्रान्समधील लियों येथील हंसतमुख आदरातिथ्य एकीकडे, आणि दुसरीकडे जर्मनींतील त्या मुक्कामांची कथा, जेथें हांका मारून घसा बसल्यावर खिडकींतून एक डोकें बाहेर येतें आणि एकाच तापविलेल्या दालनांत ऐंशीनव्वद प्रवासी कोंबले जातात. मौज वाटते ती अशी, कीं इतका हिंडलेला हा पंडित सर्वत्र लॅटिन बोलूनच राहिला. इंग्लंडांत वर्षानुवर्षें राहूनहि इंग्रजीशीं त्यानें सोयरीक केली नाहीं. म्हणजे तोहि एका तिसऱ्याच देशाचा नागरिक! आज इंग्रजी करते तें काम त्या काळीं लॅटिन करीत होती, आणि तिच्यावांचून त्याचें कार्य घडलें नसतें हें कबूल केलेंच पाहिजे. सामायिक भाषेला कमी लेखणें हा माझा हेतु नाहीं. मी स्वतः तिच्यावरच पोसलों आहें. परंतु एरास्मस इटलींत गेला तो ग्रीक विद्येची तहान घेऊन, आणि ती तृप्त करूनच परतला. धर्मशाळा त्याचीहि होती, पण शिदोरी जड होती.

या सर्व विचारानंतर चित्रपटाविषयींचें माझें मत असें आहे. विद्यार्थ्याच्या परदेशवासाचें इतकें प्रांजळ, इतकें हंसरें आणि तपशिलांत इतकें खरें चित्र क्वचितच पाहावयास मिळतें. त्याचें नांव त्याच्या तात्पर्यापेक्षां शहाणें आहे. ज्यानें त्यानें आणलें तेंच त्याला मिळालें, असें नांव सांगतें. सर्वांनीं मिळून एक नवें पक्वान्न शिजविलें, असें तात्पर्य सांगतें. त्या दोहोंच्यामध्यें कॅटलान वर्गाचा प्रसंग उभा आहे, आणि तो दोघांनाहि मान्य नसलेली तिसरीच गोष्ट सांगतो, कीं धर्मशाळेच्या भिंतीपलीकडे एक गांव आहे, गांवांत घरें आहेत, आणि त्यांच्या चुलीवर कांहींतरी शिजत आहे. तें ताटांत पडण्यासाठीं पाहुण्यानें दार ठोठावलें पाहिजे, आणि यजमानानेंहि आपलेंच अन्न वाढलें पाहिजे. पाहुण्याला आवडेल म्हणून त्याच्याच घरचें अन्न त्याला वाढणारा यजमान दिसावयास उदार दिसतो. माझ्या वर्गांत मी तसाच दिसत असेन.

स्नेह्यांना मीं हें जमेल तसें सांगितलें. त्यांचें किती समाधान झालें कोण जाणे. मुलगी मात्र जवळच बसली होती, तिनें विचारलें, “पण काका, माझे तर सगळे वर्ग इंग्रजींतच आहेत. मग फिनिश शिकून काय करूं?” मीं म्हटलें, “वर्ग इंग्रजींत आहेत, दुकान इंग्रजींत नाहीं. निदान आकडे, भाज्या आणि नमस्कार एवढें घेऊन जा.” तिनें तें मनावर घेतलें असावें. गेल्या आठवड्यांत तिचें पत्र आलें. घराजवळच्या ग्रंथालयांत तिनें पाठ केलेलें एक फिनिश वाक्य मोठ्या धीरानें उच्चारलें. तेथील बाईंनीं सवयीनें इंग्रजींत उत्तर दिलें. हिनें त्यांस विनविलें, कीं आपल्याच भाषेंत सांगा, सावकाश सांगा. त्या बाई हंसल्या, आणि तींच वाक्यें त्यांनीं फिनिशमध्यें दोनदां सांगितलीं. पत्राच्या शेवटीं मुलीनें लिहिलें आहे, “अर्धंच समजलं. पुस्तक परत करायची तारीख मात्र बरोबर कळली.”